ताटलीखालचं नाव

कोलोनिया बेर्तोलात एदेल्मिरा गास्ताल्दीला न ओळखणारं माणूस औषधालाही सापडायचं नाही. आणि ती लेखिका आहे हे ठाऊक असणारं माणूस, त्या चौसष्टच्या नोव्हेंबरपर्यंत तरी, तेही औषधाला सापडलं नसतं. कुणी विचारलंच तर लोक सांगायचे, "दोन्या एदेल्मिरा ना? ती टाइप करते." (दोन्या म्हणजे आमच्याकडे मानानं 'बाई'.) टाइप करते! झालं, संपलं. चाळीस वर्षं बाईनं बोटं झिजवली आणि गावानं तिला दोन शब्दांत गुंडाळून कोनाड्यात ठेवून दिलं.

लिहायला सुरुवात केली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बापाचं किराणा दुकान. गावातली निम्मी माणसं इटलीहून आलेली, नांगराला पटाईत, लेखणी बघितली की घाम फुटणारी. ती दुकानात यायची, साखरेच्या गोणीवर बसायची आणि म्हणायची, "पोरी, माझ्या आईला लिही, मी मजेत आहे म्हणून." एवढं बोलून टोपी चुरगाळत बसायची. एदेल्मिरा मुकाट्यानं लिहायची. पत्रात माणूस मजेतच असायचा, पण तिकडे ते वाचून घेणाऱ्या आईला बरोबर कळायचं की पोराच्या शर्टाला बटण लावून द्यायला इथे कुणी नाही. खाली सही त्या माणसाची, नाहीतर अंगठा. तिचं नाव कशाला असेल? तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिथूनच ही खोड लागली म्हणा ना.

पुढे एर्मेतेशी लग्न झालं. एर्मेते रेल्वेत सिग्नलमन. बोलायला कंजूष, ऐकायला मात्र राजा माणूस. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी रोसारिओहून रेडिओवरची एक नाटक मंडळी गावात प्रयोगाला आली. रोज दुपारी रेडिओवर जी मालिका चालायची तीच ही मंडळी गावोगाव हिंडून रंगमंचावर करायची. मालकाचं नाव लेआंद्रो किरोस. त्यांचा लेखक वाटेतच कुणा बाईबरोबर पसार झालेला आणि पुढचे भाग लिहायचे राहिलेले. किरोस गावच्या क्लबात डोकं धरून बसला होता. एदेल्मिरानं तीन दिवसांत त्याला पाच भाग लिहून दिले. किरोसनं ते वाचले, डोळे पुसले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही मला देवासारख्या भेटलात." आणि भल्या माणसानं तिला ठेवलंही देवासारखंच, कुणाला न दिसणारं.

अकरा वर्षं! आठवड्याला पाच भाग. एर्मेते अकरा-चाळीसच्या गाडीला एका हातानं हिरवं निशाण दाखवायचा आणि दुसऱ्या हातानं गार्डाकडे पाकीट द्यायचा. आतिलिओ बेनेगास नावाचा एक नट त्या मालिकेत नायक असायचा. दिसायला म्हणे यथातथाच, पण आवाज असा की ऐकता ऐकता आमच्याकडच्या बायकांचं दूध उतू जायचं. त्या आवाजात एदेल्मिराची वाक्यं घरोघर जायची, आणि शेवटी निवेदक सांगायचा, "लेखन, लेआंद्रो किरोस." मालिकेला सुवर्णपदक मिळालं. एदेल्मिरा नवऱ्याला घेऊन रोसारिओला गेली, तिसऱ्या रांगेत बसली आणि किरोसच्या छातीवर पदक लागलं तेव्हा टाळ्या वाजवून आली. परतीच्या गाडीत एर्मेते एवढंच म्हणाला, "तुझं पदक चांगलं वजनदार दिसत होतं हं."

मग आल्या रहस्यकथा. ब्युनोस आयर्सच्या प्रकाशकानं कळवलं की कादंबरी झकास आहे, पण कोलोनिया बेर्तोलातल्या बाईनं केलेला खून कोण विकत घेणार? खून करावा तर इंग्रजानं. म्हणून पुस्तकांवर नाव आलं पर्सी डब्ल्यू. हॉलंड. या हॉलंडसाहेबानं चौदा पुस्तकं लिहिली. त्यातल्या नवव्या पुस्तकाला वाचकांनी वर्षातलं सर्वोत्तम म्हणून निवडलं, आणि प्रकाशकानं पोस्टानं एक भारी पेन पाठवलं. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं, 'पर्सी डब्ल्यू. हॉलंड यांस आदरपूर्वक'. एदेल्मिरा त्याच पेनानं वाण्याची यादी लिहायची. त्याखेरीज एका साप्ताहिकात 'कोन्सुएलो मावशीचा सल्ला' तिचाच, शाळेतली बाहुल्यांची नाटकं तिचीच (कागदावर नाव हेडबाईंचं), आणि आमच्या कबरस्तानातल्या निम्म्या दगडांवरच्या चार ओळीही तिच्याच. कुणी कधी संशय घेऊन विचारलंच, "अहो, ती कोन्सुएलो मावशी तुम्हीच का?" तर ती हात झटकून म्हणायची, "छे, ती मी नव्हे." तोंडात बसलेलं वाक्यच होतं ते.

एकसष्ट साली एर्मेते गेला. जायच्या आधी चार दिवस त्यानं तिला जवळ बसवलं आणि म्हणाला, "सगळ्यांची नावं छापून झाली, मीरा. तुझं तेवढं राहिलं बघ." जन्मात त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

त्यानंतर दोन वर्षं तिनं दुसरं काही हातात घेतलं नाही. हॉलंडसाहेब गप्प झाले, मावशीनं सल्ले बंद केले. एदेल्मिरा एकच कादंबरी लिहीत बसली, 'पवनचक्कीखालच्या बायका'. आमच्याच गावातल्या बायका, त्यांच्या विहिरी, त्यांची भांडणं, त्यांचे परत न आलेले नवरे. पहिल्या पानावर तिनं आपलं नाव टाइप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि मग ते पान काढून ठेवावं लागलं. कारण कादंबरी जायची होती प्रांताच्या स्पर्धेला, आणि स्पर्धेचा नियम असा की हस्तलिखितावर फक्त टोपणनाव. खरं नाव एका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पाकिटात बंद करायची, पाकिटावर पुन्हा टोपणनाव. निकाल ठरला की नोटरीसमोर पाकीट फोडायचं. एदेल्मिरानं टोपणनाव घेतलं 'मीठ'.

आता क्लेलियाबद्दल सांगायला हवं. क्लेलिया ओज्जेरो म्हणजे औषधवाल्याची विधवा, एदेल्मिराची शेजारीण, मध्ये कमरेएवढी भिंत. क्लेलिया सुनीतं लिहायची. सूर्यास्त, कबुतर, सुकलेला गुलाब, असा सगळा माल. सतरा वर्षं ती दर वर्षी त्याच स्पर्धेला सुनीतं पाठवायची आणि सतरा वर्षं तिकडून साधं पोस्टकार्ड आलं नव्हतं. त्यानं तिचा तोरा काही कमी झाला नाही. भिंतीपलीकडून ऐकवायची, "तू पोटासाठी लिहितेस, एदेल्मिरा. मी आत्म्यासाठी लिहिते."

"तुझ्या आत्म्याला टायपरायटर मात्र माझा लागतो," एदेल्मिरा म्हणायची. कारण क्लेलियाकडे टायपरायटर नव्हता, आणि तिची सुनीतं सतरा वर्षं एदेल्मिराच टाइप करून देत होती. शिव्या घालत, पण देत होती.

स्पर्धेची शेवटची तारीख होती तीस ऑगस्ट. आदल्या दिवशी एकोणतीस, म्हणजे आमच्याकडे न्योकी. बटाट्याच्या पिठाच्या त्या लुसलुशीत गोळ्या महिन्याच्या एकोणतिसाला घरोघर होतात, आणि खायला बसताना ताटलीखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरा जातो. क्लेलिया आपली चिठ्ठी आणि सुनीतं घेऊन आली होती. दोघींच्या चिठ्ठ्या एदेल्मिरानंच टाइप केलेल्या, सारख्याच घडीच्या.

"नोट कसली ठेवतेस?" क्लेलिया म्हणाली. "या खेपेला चिठ्ठ्याच ठेवू या ताटलीखाली. एवढं तरी नशीब उघडू दे."

"ठेव बाई. सुनीतांनी नाही उघडलं, न्योकींनी उघडलं तर बघू."

"तोंड बघा हिचं!"

ठेवल्या चिठ्ठ्या. जेवण सुरू झालं. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, आणि क्लेलियाच्या पाठीशी दार. चार घास खाल्ले नाहीत तोच तिची कुरकुर सुरू, मानेवर वारा येतो, उद्या माझी मान धरेल, मग तू येणार आहेस का चोळायला. शेवटी एदेल्मिरा उठली आणि म्हणाली, "ये इकडे, माझ्या जागेवर बस, पण गप जेव." दोघींनी आपापली ताटली उचलली आणि जागा बदलल्या. ताटल्या हलल्या. चिठ्ठ्या मेजावर जिथल्या तिथेच राहिल्या. तुम्हाला आता कळलं ना? त्या दोघींना नाही कळलं. जेवण झाल्यावर दोघींनी आपापल्या ताटलीखालची चिठ्ठी काढली, पाकिटात घातली, जीभ फिरवून पाकीट बंद केलं. वर क्लेलियानं पाकिटावर क्रॉसही काढला.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी निकाल लागला. सकाळचे आठ. एदेल्मिरा स्वयंपाकघरात 'माते' नावाच्या आमच्याकडच्या कडू चहाची वाटी हातात धरून नळीनं घोट घेत होती. रेडिओवर बातम्या सांगत होता आतिलिओ बेनेगास. हो, तोच नायक. म्हातारा झाला, मालिका बंद पडल्या, तेव्हा त्याला बातम्यांवर बसवलं होतं. आवाज मात्र अजून तसाच.

"प्रांतीय वाङ्मय स्पर्धा. कादंबरी, पहिलं पारितोषिक, 'पवनचक्कीखालच्या बायका', टोपणनाव मीठ."

एदेल्मिराच्या हातातली वाटी मेजावर गेली. तिला एर्मेतेची रिकामी खुर्ची दिसली आणि ती उठून उभी राहिली. उभ्यानंच ऐकायचं होतं तिला.

"नोटरीसमक्ष पाकीट उघडण्यात आलं. विजेत्या लेखिका आहेत, कोलोनिया बेर्तोला इथल्या क्लेलिया ओज्जेरो."

तिनं रेडिओचं बटण असं फिरवलं की ते हातातच आलं. त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर दोन ताटल्या आल्या, मानेवरचा वारा आला, सगळं आलं. "अगं आई गं," ती म्हणाली आणि मटकन बसली. पदक किरोसला, पेन हॉलंडला, आणि आता हे क्लेलियाला. पहिली दोन तिनं स्वतःच्या मर्जीनं सोडली होती. हे एकच स्वतःसाठी ठेवलं होतं, आणि ते तिनं आपल्या हातानं, आपल्या थुंकीनं, दुसरीच्या नावावर चिकटवून दिलं होतं.

नियमांचा कागद खणात होता. तो तिनं काढून वाचला. हरकत असल्यास निकालाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत, तारेनं, संबंधित दोन्ही स्पर्धकांच्या नावानिशी. दोन्ही! म्हणजे क्लेलियानं 'हो' म्हटलं तरच. आणि ती का म्हणेल? सतरा वर्षं वाट बघितलेल्या बाईच्या दारात बक्षीस आपणहून चालत आलंय. पुरावा काय? हस्तलिखित एदेल्मिराच्या टायपरायटरचं, तर सुनीतंही त्याच टायपरायटरची. साऱ्या गावाला ठाऊक, दोन्या एदेल्मिरा टाइप करते. वहीत लिहायची तिला सवयच नव्हती, रेडिओच्या घाईत ती थेट मशीनवर लिहायला शिकली होती. आणि 'ते मी लिहिलंय' असं म्हणणार कोण? जन्मभर 'ती मी नव्हे' म्हणत आलेली बाई!

नऊच्या सुमारास बर्फवाला बर्फाची लादी द्यायला आला. जाता जाता दात काढून म्हणाला, "अभिनंदन हं, दोन्या एदेल्मिरा!"

ही थट्टा तिच्या जिव्हारी लागली. "लादी ठेव आणि चालू लाग," ती म्हणाली. बर्फवाला बिचारा खांदे उडवून गेला.

मग शेजारी वर्दळ सुरू झाली. पडद्याआडून एदेल्मिरा बघत होती. आधी हेडबाई आल्या, मग पाद्रीबाबा, मग बेकरीवालीण केक घेऊन, मग सहकारी दूधसंघाचे चेअरमन टोपी हातात घेऊन. दारात क्लेलिया निळ्या रेशमी झग्यात. जो तो तिच्या गालाला गाल लावत होता. क्लेलिया हात हलवून काहीतरी सांगत होती, मानेनं नको नको म्हणत होती, आणि लोक तिला आणखीच मिठ्या मारत होते. 'बघा, कशी लाजतेय', एदेल्मिराला वाटलं. राग असा आला की कान तापले. दोनदा ती दारापर्यंत गेली. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. पाद्रीबाबांसमोर जाऊन काय म्हणायचं? केक खाली ठेवा, तो माझा आहे?

स्वतःशीच तिनं वाक्यं जुळवून बघितली. किती जणांना तिनं किती वाक्यं दिली होती! सोडून गेलेल्या बायकांना, खुन्यांना, कोन्सुएलो मावशीला विचारणाऱ्या रडव्या पोरींना. स्वतःला द्यायला एक धड वाक्य सुचेना. 'क्लेलिया, ते माझं आहे', हे म्हटलं तर भीक मागितल्यासारखं होई, आणि 'क्लेलिया, तुला लाज कशी वाटत नाही', हे म्हटलं तर दार बंद होई. बारा वाजले. गाव जेवलं, दारं-खिडक्या लागल्या, रस्त्यावर कुत्रंही उरलं नाही. वामकुक्षीची वेळ. त्या वेळात आमच्याकडे दुसऱ्याच्या दाराला हात लावायची पद्धत नाही. घराला आग लागली तरी माणूस चार वाजेपर्यंत थांबेल. एदेल्मिरा न जेवता बसून राहिली, घड्याळाकडे बघत. सहाला अजून पाच तास, मग साडेचार.

दीड वाजता मागच्या दारावर थाप पडली.

"उघड गं. झोपलेली नाहीस ते ठाऊक आहे मला."

दारात क्लेलिया. रेशमी झगा तसाच, पायात घरातल्या सपाता, गुडघ्याला भिंतीचा चुना. पासष्टीची बाई भिंत ओलांडून आली होती. ती सरळ आत आली, खुर्ची ओढली, बसली आणि हात पुढे केला.

"दे."

"काय दे?"

"माझं जे तुझ्याकडे आलंय ते. सकाळपासून वाट बघतेय मी. म्हटलं आता येईल, मग येईल. बाईसाहेब पडद्यामागे! मला दिसत होतं नाक तुझं."

एदेल्मिराचा तोल गेला. "माझ्याकडे आलंय? माझ्याकडे? अगं, माझं सगळं तुझ्याकडे गेलंय! दोन वर्षं लिहिली ती कादंबरी! आणि तू खुशाल केक खात..."

"कादंबरीचं कोण बोलतंय?" क्लेलिया ओरडली. "कादंबरी तुझीच आहे, ती काय मी लिहिलीय? मला ठाऊक आहे ना. आल्या आल्या हेडबाईंना सांगितलं, ही माझी नव्हे. तर म्हणतात कशा, काय हा विनय! पाद्रीबाबांना सांगितलं, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बेकरीवालीला सांगितलं, ती रडायलाच लागली. सतरा जणांना सांगितलं मी, कुणी ऐकेल तर शपथ! आणि एकानंही विचारलं नाही गं, की कादंबरीत आहे काय."

एदेल्मिरा बघतच राहिली. "मग तू मागतेस काय?"

"माझी सुनीतं!" आणि इथे क्लेलियाचा आवाज फाटला. "बातमीच्या शेवटी वाचलं ना त्या रेडिओवाल्यानं. काव्य विभाग, उत्तेजनार्थ, 'मावळतीची सुनीतं', टोपणनाव संध्यातारा, कवयित्री एदेल्मिरा गास्ताल्दी! सतरा वर्षं, एदेल्मिरा. सतरा वर्षांनी एक उत्तेजनार्थ आलं, आणि ते तुझ्या नावावर. मी सकाळपासून मेल्याहून मेल्यासारखी झालेय. तुला काय, म्हटलं, तू नावं फिरवण्यात तरबेज. म्हणशील, असू दे, माझंच आहे. कुणी विश्वास ठेवला असता माझ्यावर? टाइप तर तुझंच!"

बर्फवाला! बिचारा खरंच अभिनंदन करत होता. एदेल्मिराला आधी हसू फुटलं की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती टेबलावर डोकं टेकून खदाखदा हसायला लागली, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

"मी रेडिओ बंद केला," ती कशीबशी म्हणाली. "तुझं नाव ऐकलं आणि बंदच केला. हे बघ, बटण निघालंय."

"म्हणजे तुला ठाऊकच नव्हतं?"

"देवाशपथ नव्हतं."

"आणि तुला वाटलं मी तुझी कादंबरी ढापली?"

"वाटलं."

"चांडाळणी," क्लेलिया म्हणाली, आणि तीही हसायला लागली. मग नाक पुसून एकदम म्हणाली, "ती ताटली ना? मानेवरचा वारा?"

"मानेवरचा वारा."

"मी सांगितलंच होतं, माझी मान वाईट आहे म्हणून."

घड्याळात दोन वाजत होते. एदेल्मिरानं नियमांचा कागद पुढे सरकवला. सहाच्या आत तार, दोघींच्या नावानं. पण तारऑफिस उघडणार साडेचारला, तार पोचणार कधी, तिकडे वाचणार कोण? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्या गावात आजवर कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. भर वामकुक्षीत, उन्हात, एक रेशमी झग्यात आणि एक स्वयंपाकाचा एप्रन बांधलेली, अशा त्या पोस्टमास्तर प्रीमो वास्केत्तोच्या घरी गेल्या आणि दार बडवलं.

प्रीमो पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात बाहेर आला, चेहरा पांढराफटक. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. तार करायचीय."

"कुणी गेलं नाही, आणि तुम्ही मला आत्ता उठवलंत?" प्रीमो म्हणाला. "दोन्या क्लेलिया, बक्षीस मिळालं म्हणून काय गाव विकत घेतलंत?"

"बक्षीस तिचं आहे. उघड ऑफिस, आणि पायजमा तसाच राहू दे, आम्ही बघत नाही."

प्रीमोनं पायजम्यातच ऑफिस उघडलं. एदेल्मिरानं फॉर्म घेतला आणि सवयीनं पिशवीतून पेन काढलं. क्लेलियानं तिचा हात धरला.

"त्या साहेबाच्या पेनानं नको."

प्रीमोनं दोरीनं बांधलेलं पोस्टाचं पेन पुढे केलं. एदेल्मिरानं लिहिलं, 'चिठ्ठ्या चुकून बदलल्या. कादंबरी गास्ताल्दीची. सुनीतं ओज्जेरोची. कारण न्योकी.'

"न्योकी कशाला?" प्रीमो म्हणाला. "एकेक शब्द मोजून जातो इथून."

"खरं कारण द्यायला नको?" क्लेलिया म्हणाली. "शिवाय आदला दिवस ऑगस्टचा एकोणतिसावा, तिकडेही घरोघर न्योकी आणि ताटलीखाली नोटा. तिकडच्या माणसांनाही लगेच पटेल."

प्रीमोनं डोकं खाजवलं. त्यालाही ते पटलं असावं, कारण त्यानं शब्द राहू दिला. मग फॉर्मच्या तळाशी बोट ठेवून म्हणाला, "इथे पाठवणाऱ्याचं नाव. पूर्ण."

आयुष्यात तिनं किती लाख शब्द लिहिले असतील देव जाणे. त्या रेघेवर ती थांबली. मग एकेक अक्षर जपून लिहिलं, बापाचं आडनाव लिहिलं, आणि पुढे, कुणी विचारलं नव्हतं तरी, नवऱ्याचंही लिहिलं. खाली क्लेलियानं आपली वेलबुट्टीची सही ठोकली. अडीच वाजता तार गेली.

चार वाजता उत्तर नाही. पाचला नाही. दोघी एदेल्मिराच्या स्वयंपाकघरात बसल्या, बेकरीवालीचा केक मध्ये ठेवून. प्रीमोनं येऊन पक्कडीनं रेडिओचं बटण बसवून दिलं आणि मग जायचं सोडून तोही केक खात बसला. पावणेसहाला क्लेलियाचं जपमाळेवरून बोट थांबेना. एदेल्मिरा म्हणाली, "नाही झालं तर नाही झालं. तुला तरी ठाऊक आहे ना." पण ते तिच्या तोंडून निघालं तेव्हा तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही. तिला ते हवं होतं. उघडपणे, जाहीरपणे, सगळ्यांदेखत हवं होतं.

सहाला काही नाही. साडेसहाच्या बातम्या लागल्या. गव्हाचे भाव, नदीची पातळी, कुठल्याशा मंत्र्याचा दौरा. मग कागद सरकल्याचा आवाज आला.

"सकाळच्या निकालात दुरुस्ती," आतिलिओ बेनेगास म्हणाला. "दोन्ही स्पर्धकांच्या तारेवरून परीक्षक मंडळानं नोटरीसमक्ष नोंद केली आहे. काव्य, उत्तेजनार्थ, 'मावळतीची सुनीतं', कवयित्री क्लेलिया ओज्जेरो. कादंबरी, पहिलं पारितोषिक, 'पवनचक्कीखालच्या बायका', लेखिका एदेल्मिरा गास्ताल्दी."

क्लेलियानं तिचा हात दाबला. आता पुढची बातमी येणार, पण ती आली नाही. रेडिओवर नुसताच श्वास ऐकू आला, आणि मग तोच आवाज, पण बातम्यांचा नव्हे, अकरा वर्षं दुपारी यायचा तसा.

"पुढचं माझ्या कागदावर नाही. या मायक्रोफोनवरून मी अकरा वर्षं नायक होतो. बायका मला अजून रस्त्यात थांबवतात आणि माझी वाक्यं मला म्हणून दाखवतात. ती माझी नव्हती, आणि ज्याचं नाव सांगितलं जायचं त्याचीही नव्हती. ती याच बाईंची होती. पाकिटावर कोलोनिया बेर्तोलाचा शिक्का असायचा. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. दोन्या एदेल्मिरा, माफ करा. नमस्कार."

आणि टांगो लागला.

प्रीमोच्या हातातला केक तसाच राहिला. एदेल्मिरा एर्मेतेच्या खुर्चीकडे बघत होती. ती रडत नव्हती, नुसती बसली होती, खांदे खाली सोडून.

"त्यानं माझं उत्तेजनार्थ जरा घाईत वाचलं," क्लेलिया नाक ओढत म्हणाली. "पण जाऊ दे."

बाहेर फाटक वाजलं. पाठोपाठ पावलं, बरीच, आणि कुजबुज. सकाळचेच सगळे, फक्त बारा पावलं अलीकडे. दारावर थाप पडली आणि पाद्रीबाबांचा ओशाळलेला आवाज आला, "माफ करा हं, त्या रेडिओवरच्या लेखिका... त्या इथेच राहतात ना?"

एदेल्मिरा उठली. एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला, केस सारखे केले आणि दार सताड उघडलं.

"हो," ती म्हणाली. "मीच ती."